बत्तीस, चौसष्ट आणि कोपऱ्यातला प्रिंटर

पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात नांदे, चांदे, लवळे, सूस या पट्ट्यात संगणक बसवून देण्याचं आणि दुरुस्तीचं काम करणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो: विंडोज ३२ बिटची टाकायची की ६४ बिटची? विचारणारा प्रोसेसरच्या स्टिकरकडे बोट दाखवतो, रॅम किती आहे ते सांगतो आणि उत्तराची वाट बघतो. या कामात माझं मत हळूहळू असं बनत गेलं, की बोटच चुकीच्या वस्तूकडे आहे. प्रोसेसर आणि रॅम यांनी आपलं उत्तर केव्हाच देऊन ठेवलेलं असतं. अडतं ते दुसरीकडे: कोपऱ्यातल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरपाशी, डीटीपीच्या प्रोग्रामच्या परवान्यासाठी खोचायच्या डोंगलपाशी, डिजिटल सहीच्या टोकनपाशी, फ्लेक्स छापणाऱ्या मशीनच्या कंट्रोल कार्डपाशी. कार्यालयात जी वस्तू सगळ्यात जुनी आणि जिचा बनवणारा आता फोन उचलत नाही, तीच बिटांचा निर्णय घेते. माझं म्हणणं एवढंच आहे, की तिला तो स्वतःपुरता घेऊ द्यावा, उरलेल्या कार्यालयाचा घेऊ देऊ नये. ऐकायला साधं वाटतं, पण व्यवहारात नेमकं उलट होताना दिसतं. एका प्रिंटरसाठी सगळी यंत्रं जुन्या प्रतीवर अडकून राहतात, नाहीतर एका झटक्यात सगळी नवी होतात आणि पावत्या हाताने लिहायची वेळ येते.

नांद्याची जागा या प्रश्नाचा विचार करायला मोठी सोयीची आहे. याच मुळशी तालुक्यात हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे, जिथे देशोदेशीच्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं लिहिली जातात. लवळ्याला सिंबायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठं आहेत. तालुक्याचा कारभार मात्र पौडहून चालतो, आणि अधल्यामधल्या गावांत ग्रामपंचायत, सेवा केंद्र, पतसंस्था, दूध संकलन, बिल्डरांची साइट ऑफिसं, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची दुकानं असा सगळा पसारा एकाच वेळी नांदतो. कंपन्यांनी लीज संपल्यावर काढून टाकलेले लॅपटॉप पुण्याच्या बाजारात रिफर्बिश्ड म्हणून येतात आणि तिथून गावात. त्यामुळे इथलं जुनं मशीन फार जुनं नसतं. एक्स८६ घराण्यातला ६४ बिटी प्रोसेसर एएमडीने एप्रिल २००३ मध्ये ऑप्टेरॉनच्या रूपात बाजारात आणला, पुढच्या वर्षी इंटेलने तोच आराखडा स्वीकारला, आणि २००६ च्या कोअर टू पासून डेस्कटॉप-लॅपटॉपसाठीचा जवळपास प्रत्येक नवा इंटेल प्रोसेसर ६४ बिटी आहे. अपवाद सांगायचाच तर २००८ च्या सुमाराच्या छोट्या नेटबुकांतला ॲटम एन२७०. म्हणजे केवळ प्रोसेसरमुळे ३२ बिटवर राहावं लागेल असं यंत्र आज गावात शोधूनच काढावं लागेल. तरीही चांगल्या कोअर आय५ वर ३२ बिटी विंडोज टाकलेली आढळते, आणि त्याचं कारण तांत्रिक नसतं. फॉरमॅट मारणाऱ्याच्या पेनड्राइव्हवर जी प्रत होती ती पडली. निर्णय कुणी घेतलेलाच नसतो.

३२ बिटचं बंधन नेमकं कुठे येतं, ते आधी पाहायला हवं. तलाठ्याच्या वहीत गट क्रमांकाचा रकाना ठरावीक अंकांचाच असता, तर त्यापलीकडची जमीन जागेवर असूनही कुणाच्या नावावर चढली नसती. रॅमचं तसंच होतं. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी क्रमांक बसतात, एका क्रमांकामागे एक बाइट, म्हणजे ४ जीबी. त्यातलेही काही क्रमांक ग्राफिक्स कार्ड आणि इतर साधनांसाठी राखून ठेवावे लागतात, म्हणून ४ जीबी रॅम घालूनसुद्धा ३२ बिटी विंडोज सव्वातीन-साडेतीनच वापरते. इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. तिच्या पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९९५ च्या पेंटियम प्रो पासून इंटेलच्या ३२ बिटी प्रोसेसरांत पत्ता ३६ बिटांपर्यंत वाढवायची सोय होती, आणि विंडोज सर्व्हरच्या काही ३२ बिटी आवृत्त्या तिच्या जोरावर ६४ जीबीपर्यंत रॅम हाताळत होत्या. घरगुती आणि ऑफिसच्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टने ही वाट मुद्दाम बंद ठेवली, कारण बाजारातल्या कितीतरी ड्रायव्हरांना, म्हणजे साधन आणि विंडोज यांना जोडणाऱ्या प्रोग्रामांना, ४ जीबीच्या वरचे पत्ते समजत नव्हते आणि मशीन बंद पडत होती. म्हणजे ज्या मर्यादेला आपण प्रोसेसरची मर्यादा म्हणत आलो, ती बऱ्याच अंशी प्रिंटर, मॉडेम आणि साउंड कार्ड बनवणाऱ्यांच्या आळसाची मर्यादा होती.

दुसरा गैरसमज असा, की या दोन आकड्यांत छत्तीसचा आकडा आहे. सरसकट तसं नाही. ६४ बिटी विंडोजमध्ये ३२ बिटी प्रोग्राम चालवण्यासाठी वेगळा थर दिलेला असतो, आणि तो उत्तम काम करतो. २००५ ची एखादी हिशोबाची किंवा चित्र काढण्याची ३२ बिटी आज्ञावली आजही त्यावर निमूट चालते. मोठी जागा हाताळायला तयार केलेल्या ३२ बिटी प्रोग्रामला तर ६४ बिटी विंडोजवर पूर्ण ४ जीबी जागा मिळते, जी मूळच्या ३२ बिटी विंडोजवर सहसा २ जीबीच असते. जुन्या प्रोग्रामला नव्या घरात जास्त जागा! अडचण दोनच ठिकाणी येते. एक, विंडोजचा गाभा म्हणजे कर्नेल आणि त्यात बसणारा ड्रायव्हर एकाच बिटचे असावे लागतात, तिथे तडजोड नाही. दोन, एका चालू प्रोग्रामच्या पोटात शिरणारे जोडभाग त्या प्रोग्रामच्याच बिटचे असावे लागतात. सरकारी संकेतस्थळांवर सही करण्यासाठी जावाचा जोड लागत असे त्या काळात लोकांचा जीव यानेच मेटाकुटीला आला होता: ब्राउझर ३२ बिटी आणि जावा ६४ बिटी, की टोकन लावूनही सही होत नाही, आणि दोष विंडोजच्या माथी. ब्राउझरांनी २०१५ ते २०१७ च्या दरम्यान असे जोड काढून टाकले तेव्हा तो तंटा मिटला. मायक्रोसॉफ्टनेही ऑफिस २०१० दोन्ही रूपांत आणलं, पण जुने जोडभाग चालावेत म्हणून ६४ बिटी विंडोजवरसुद्धा ३२ बिटी ऑफिस घ्यावं अशीच शिफारस वर्षानुवर्षं केली. आपोआप ६४ बिटी ऑफिस बसायला लागलं ते ऑफिस २०१९ पासून. विंडोज कोणत्या बिटची आणि प्रोग्राम कोणत्या बिटचा हे दोन वेगळे निर्णय आहेत, हे एवढं जरी ध्यानात आलं तरी निम्मी भांडणं संपतात.

ड्रायव्हरच्या बाबतीत बिटच्या जोडीला सहीचा प्रश्नही आला. ६४ बिटी व्हिस्टापासून कर्नेलमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरवर डिजिटल सही सक्तीची झाली, ३२ बिटीत ती सक्ती नव्हती. ज्यांनी एक यंत्र बनवून विकलं आणि पुढच्या धंद्याला लागले, त्यांनी जुन्या मालासाठी नवा ड्रायव्हर लिहून त्यावर सही घेण्याची तसदी घेतली नाही. २५ पिनांच्या पॅरलल पोर्टला लावायची डोंगलं, फ्लेक्स मशीनची कंट्रोल कार्डं, जुने स्कॅनर यांची गाडी इथेच अडकली. वस्तू धडधाकट, प्रोग्राम धडधाकट, मधला पाच-पन्नास केबींचा तुकडा मात्र नाही. मुळशीत वाढदिवसाचे फ्लेक्स छापायचे थांबणार नाहीत, त्यामुळे अशा मशीनशेजारी एक्सपी किंवा विंडोज ७ ची ३२ बिटी मशीन दिसली तर नवल वाटू नये.

मराठी डीटीपीची गोष्ट मात्र वेगळी आणि सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिथे ६४ बिटवर नसलेला दोषही लादला गेला. संगणकावरची मराठी पुण्यात सुरुवातीपासूनच एखाद्या वस्तूला बांधलेली होती. सीडॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची स्थापना पुण्यात १९८८ मध्ये झाली, आणि आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं काम इथे पुढे वाढलं. जिस्ट कार्ड मशीनमध्ये खोचलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची. कार्ड काढलं की मराठीही गेली. पुढे विंडोजवर पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी, सीडॅकचं आयएसएम अशी सॉफ्टवेअरं आली. त्यांनी मराठी छपाईला मोठा हात दिला, यात वाद नाही. पण अक्षरं ठेवायची पद्धत ज्याच्या त्याच्या फॉन्टची, आणि टायपिंगचा प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामच्या व्यवहारात हात घालून कळा बदलणारा, अशी त्या पिढीची एकूण घडण होती. आता वरचा दुसरा नियम इथे लावून पाहा. ३२ बिटी जोडभाग ६४ बिटी प्रोग्रामच्या पोटात शिरू शकत नाही. म्हणून अशा घडणीचा जुना टायपिंग-प्रोग्राम ६४ बिटी विंडोजवर पेजमेकरमध्ये, जो ३२ बिटी आहे, बरोबर मराठी उमटवतो, आणि त्याच पडद्यावरच्या ६४ बिटी ब्राउझरमध्ये इंग्रजीच उमटत राहते. बघणारा निष्कर्ष काढतो, की ६४ बिटला मराठी चालत नाही. हा निष्कर्ष साफ चूक आहे. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी, मंगल फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येच आहेत, आणि त्यांना बिटशी काही देणंघेणं नाही. अडचण मराठीची नसून वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका तोडग्याची आहे. पत्रिका, अहवाल, स्मरणिका यांच्या जुन्या फायली त्या तोडग्यात बांधलेल्या असतील तर त्या उघडण्यापुरता तो सांभाळावा. नव्या मजकुरासाठीही तोच वापरत राहायचं आणि त्यासाठी सगळं दुकान ३२ बिटवर ठेवायचं, हे मात्र मला पटत नाही.

जिथे जुन्या वस्तूचा हक्क खरोखरच मान्य करावा लागतो, ती जागा म्हणजे डॉस. पतसंस्था, सोसायट्या, दूध संस्था यांचे हिशोब एकेकाळी फॉक्सप्रो आणि क्लिपरमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामांवर चालत, आणि काही ठिकाणी अजून चालतात. ३२ बिटी विंडोज, अगदी विंडोज १० सुद्धा, हे प्रोग्राम चालवू शकते, कारण १९८५ च्या ८०३८६ पासून प्रोसेसरमध्ये जुन्या ८०८६ चं सोंग घेण्याची सोय आहे. एएमडीने ६४ बिटी आराखडा आखताना ६४ बिटी अवस्थेत ही सोय ठेवलीच नाही. त्यामुळे ६४ बिटी विंडोज डॉसचा प्रोग्राम जागच्या जागी नाकारते, आणि इथे ड्रायव्हर शोधूनही उपयोग नसतो. डॉसबॉक्ससारखा प्रोग्राम पूर्ण जुन्या मशीनची नक्कल करून वाट काढतो, पण तो खेळांसाठी बनवलेला आहे. एकाच वेळी दोन टेबलांवरून एकच खातं उघडणं किंवा थेट डॉट मॅट्रिक्सवर पासबुक छापणं ही त्याची कामं नव्हेत. गंमत अशी, की फॉक्सप्रोचाच पुढचा अवतार, व्हिज्युअल फॉक्सप्रो, ३२ बिटी असल्यामुळे ६४ बिटी विंडोजवर चालतो, जरी मायक्रोसॉफ्टने त्याचा पाठिंबा २०१५ मध्ये संपवला. म्हणजे दोन पतसंस्था "आमचं फॉक्सप्रोवर आहे" एवढंच सांगत असतील, तर त्यांचं उत्तर एकच असेल असं नाही. प्रोग्राम काळ्या पडद्यावर चालतो की खिडकीत, हे विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये. आणि एक दिलासा: प्रोग्राम बंद पडला तरी नोंदी मरत नाहीत. डीबीएफ फाइल आजच्या एक्सेल किंवा लिबरऑफिसमध्ये उघडते. त्यातली मराठी नावं जुन्या पद्धतीने साठवली असतील तर ती रूपांतरित करून घ्यावी लागतात, आणि ते काम किचकट असलं तरी एकदाच करायचं असतं.

हा पेच गावातल्या छोट्या संस्थांपुरताच आहे असं वाटू नये म्हणून पुण्याच्याच एका मोठ्या उदाहरणाकडे बघू. सीडॅकचा परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये उभा राहिला, तो ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपवर. त्या चिपची पुढची पिढी रखडली आणि ट्रान्सप्युटर हा मार्गच खुंटला. सीडॅकने नव्वदच्या दशकात परम ९००० साठी सुपरस्पार्क, १९९८ च्या परम १०००० साठी अल्ट्रास्पार्क आणि २००२-०३ च्या परम पद्मसाठी आयबीएमचा पॉवर४ घेतला. एका दशकात आर्किटेक्चर इतक्यांदा बदलूनही काम थांबलं नाही, कारण चालवायच्या प्रोग्रामांचा सोर्स कोड त्यांच्या हातात होता, आणि तो नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा कंपाइल करता येत होता. बदलावं लागलं, कष्ट पडले, पण रस्ता होता. पतसंस्थेकडे असतो तो फक्त चालणाऱ्या प्रोग्रामचा तुकडा, लिहिणारा प्रोग्रामर कुठल्या कुठे गेलेला असतो, आणि करारात सोर्स कोडचा उल्लेखही नसतो. महासंगणकवाल्यांना जो बदल म्हणजे दोन-चार वर्षांचं काम वाटतो, तोच पतसंस्थेला भिंत वाटतो. फरक संगणकाच्या ताकदीत नाही, मालकीत आहे.

माझ्या मताला पहिला आक्षेप येतो तो कमी रॅमचा, आणि त्यात तथ्य आहे. ६४ बिटी प्रोग्रामात प्रत्येक पत्ता दुप्पट लांबीचा असतो, म्हणून तेच काम करायला तो जास्त रॅम खातो. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टनेच ३२ बिटीला किमान १ जीबी आणि ६४ बिटीला किमान २ जीबी असं सांगितलं होतं. २ जीबीच्या मशीनवर ३२ बिटी प्रत थोडी मोकळा श्वास घेते, हे मान्यच करायला हवं. २०१४ ते २०१६ च्या दरम्यान दहा हजारांच्या आसपास मिळणारे ॲटम झेड३७३५एफ चिपचे छोटे लॅपटॉप आले, त्यांत तर आणखी एक मेख होती. प्रोसेसर ६४ बिटी, पण मशीन सुरू करणारं फर्मवेअर बहुधा ३२ बिटी, त्यामुळे ६४ बिटी विंडोजचा पेनड्राइव्ह त्यांवर बूटच होत नसे. रॅम मदरबोर्डवर चिकटवलेली, वाढवायची सोय नाही. अशा मशीनला ३२ बिटीच ठेवावं, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण ४ जीबीपासून पुढे हा आक्षेप टिकत नाही. ४ जीबीवर ३२ बिटी टाकणं म्हणजे विकत घेतलेल्या रॅममधला अर्धा-पाऊण जीबी रोज वाया घालवणं आहे, आणि मशीन हँग होतं या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा बिटमध्ये नसून फिरत्या हार्डडिस्कमध्ये असतं. तिथे एसएसडी टाकली की ६४ बिटी विंडोजसुद्धा झटपट उघडते. वेगाबद्दल मी भलते दावे करत नाही. ६४ बिटी अवस्थेत प्रोसेसरला हाताशी आठऐवजी सोळा रजिस्टर मिळतात. व्हिडिओ, मोठी चित्रं, एन्क्रिप्शन अशा कामांत त्याचा फायदा होतो, पण दाखला टाइप करताना कुणाला काही फरक कळणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त जोरकस आहे: चाललंय ना, मग हात कशाला लावायचा? या वृत्तीला मी नावं ठेवत नाही. गावातलं दुकान बंद राहिलं की त्या दिवसाची कमाई जाते, आणि ३२ वरून ६४ ला जायचं तर वरच्यावर अपडेट करून भागत नाही, सगळं फॉरमॅट करून नव्याने टाकावं लागतं. परवान्याचा खर्च मात्र येत नाही. विंडोज १० ची एकाच आवृत्तीची की दोन्ही बिटांना चालते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. माझं उत्तर असं, की हा प्रश्न मशीनगणिक विचारावा. इंटरनेटला न जोडलेली, फक्त फ्लेक्स छापणारी मशीन एक्सपीवर आणखी दहा वर्षं चालली तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण जिच्यावर आधार क्रमांक येतात, बँकेचे ओटीपी येतात, डिजिटल सही होते, तिच्यावर "चाललंय" हा निकष पुरत नाही. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला. २०२३ च्या सुरुवातीपासून क्रोमची नवी आवृत्ती त्यावर बसत नाही. ३२ बिटी विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६४ बिटीइतकीच सुरक्षा-दुरुस्ती मिळत होती हे खरं, पण सही नसलेला ड्रायव्हर कर्नेलमध्ये न घेणं, कर्नेलमधली छेडछाड पकडणं या ६४ बिटीच्या भिंती तिला मुळात नव्हत्या. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. ज्या कागदाचं मोल सगळं त्या सहीत आहे, तो ज्या मशीनवर हाताळायचा ती निदान एवढी तरी बंदिस्त असावी.

तिसरा आक्षेप लिनक्सवाल्यांचा: विंडोज सोडा, सगळे प्रश्न मिटतील. सोर्स कोडचा मुद्दा इथे त्यांच्या बाजूने आहे. डेबियन एकाच सोर्समधून अनेक आर्किटेक्चरसाठी तयार होतं, आणि वर सांगितलेल्या ३२ बिटी फर्मवेअरच्या लॅपटॉपवरही ते ६४ बिटी रूपात बसवता येतं. पण ३२ बिटला लिनक्समध्ये कायमचा आश्रय आहे ही समजूत आता जुनी झाली. उबुंटूने २०१७ मध्ये ३२ बिटी डेस्कटॉप प्रत बंद केली, क्रोमने लिनक्सवरचं ३२ बिट २०१६ मध्येच सोडलं, आणि ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटी पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. कारण उघड आहे: सोर्स असला तरी तो रोज तपासणारी माणसं लागतात, आणि ती आता ३२ बिटी मशीन वापरत नाहीत. लिनक्सकडे जाण्याच्या बाजूने काहीजण २०३८ ची भीतीही घालतात, की १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटी घड्याळं उलटी फिरतील. ही भीती युनिक्सच्या पद्धतीने सेकंद मोजणाऱ्या प्रोग्रामांना लागू आहे, म्हणजे उलट जुन्या ३२ बिटी लिनक्सलाच जास्त. फॉक्सप्रोच्या डीबीएफमध्ये तारीख आठ आकड्यांत सरळ लिहिलेली असते. पतसंस्थेची २०४० ला मुदत संपणारी ठेव तिथे सुखरूप आहे.

मग करायचं काय? माझी पद्धत अशी, की ६४ बिटी हेच गृहीत धरावं आणि ३२ बिटीला कारण दाखवायला लावावं. कारण सापडलं, तर ते एका मशीनपुरतं बंद करून ठेवावं. डोंगल यूएसबीचं असेल तर ६४ बिटी मशीनच्या आतच व्हर्च्युअल मशीन तयार करून तिच्यात जुनी विंडोज बसवता येते. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये विंडोज ७ प्रोफेशनलबरोबर एक्सपी मोड याच विचाराने दिला होता. व्हर्च्युअल मशीनला रॅम लागते, ८ जीबी असेल तर बरं, आणि एवढी रॅम हवी म्हणजे खालची विंडोज ६४ बिटीच हवी. ३२ बिटला जगवण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग ६४ बिटवरून जातो, हे अनेकांना उलटं वाटतं. पॅरलल पोर्ट किंवा मदरबोर्डवर खोचलेलं कार्ड असेल तर मात्र ही युक्ती सहसा लागू पडत नाही. तिथे खरी जुनी मशीन, इंटरनेटची वायर काढलेली, आणि फायली पेनड्राइव्हने ने-आण, हाच उपाय. त्या मशीनच्या हार्डडिस्कची हुबेहूब प्रत काढून ठेवणं हे विंडोज कोणती याहून महत्त्वाचं, कारण डिस्क गेली की तो ड्रायव्हर पुन्हा मिळणार नाही.

आता हा सगळा खटाटोप संपला असं म्हणायची सोय विंडोज ११ ने करून दिली असती, कारण ती ३२ बिटी येतच नाही. ज्यांची मशीन आठव्या पिढीच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरची आहे त्यांना ती अधिकृतपणे मिळतही नाही, म्हणजे रिफर्बिश्ड लॅपटॉपांच्या मोठ्या ढिगासाठी प्रश्न बिटचा राहिलेला नाही, प्रोसेसरच्या पिढीचा झाला आहे. पण खुद्द आर्किटेक्चरचा प्रश्न दुसऱ्या दाराने परत आला आहे. जून २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्सचे विंडोज लॅपटॉप विकले जात आहेत, आणि ते एक्स८६ घराण्याचे नसून एआरएम६४ आहेत. इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्राम त्यांवर भाषांतर होऊन चालतात. सुरुवातीच्या एआरएमवरच्या विंडोज १० मध्ये तर फक्त ३२ बिटी एक्स८६ प्रोग्रामच चालत, ६४ बिटींची सोय विंडोज ११ मध्ये आली, म्हणजे काही काळ जुन्यालाच मान होता. ड्रायव्हरचं मात्र भाषांतर होत नाही, तो एआरएम६४ साठीच लिहिलेला लागतो. हे लॅपटॉप पातळ आहेत, बॅटरी दिवसभर पुरते, आणि साइट ऑफिसात ड्रॉइंग दाखवायला किंवा कॉलेजच्या मुलांना ते उत्तम आहेत. टेंडर भरणाऱ्या ठेकेदाराने मात्र विकत घेण्याआधी आपल्या टोकनच्या कंपनीच्या संकेतस्थळावर एआरएम६४ चा ड्रायव्हर आहे का ते पाहावं. नसेल, तर तेवढ्याच पैशात इंटेल किंवा एएमडीचा लॅपटॉप मिळतो.